पहिला घाणा

पुण्याहून पुतण्या आला सुटीला,
पिशवीत यीस्टच्या तीन पुड्या, किलोभर माल्ट,
वर म्हणाला, काका, रिटायर झालात,
आता काहीतरी उकळा.

मी आयुष्यभर उकळतच आलो की.
अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,
चादरीच्या सुताला रंग. एकतीस वर्षं.
वाफ, सोडा, मीठ, घड्याळ.

तेव्हा उकळायचं भय नाही.
पहिली कुठली करायची, एवढंच अडलंय.

पुतण्याच्या फोनात नावंच नावं:
गव्हाची, कडू, काळी, आंबट,
संत्र्याची साल घातलेली.
शेजारचा यादगिरी गुंटुक म्हणाला,
कडक कर बे, करायचीच तर.
त्याचा मेहुणा म्हणाला, शिंदी मिळते की,
कशाला ही नसती उठाठेव.

भूदेवी काहीच म्हणाली नाही.
चाळीस वर्षं विड्या वळल्यात तिनं,
जे असेल ते तिच्या नाकाला आधी कळतं.
हॉप्सची गोळी बोटात चुरली, हुंगली,
"ओल्या तेंदूच्या पानाचा वास येतोय," एवढंच.
हात पदराला पुसला
आणि पुन्हा हुंगला.

मे महिना. पत्र्याखाली बेचाळीस,
मोरीत, हौदाच्या अंगाला, चौतीस.
पहिल्या पुडीवर लिहिलंय: अठरा ते बावीस अंश.
हे म्हणजे दिवाळीनंतरची एखादी सकाळ,
तीही उधारीवर.
दुसरी बारा अंश मागते.
ती मी न बोलता पुतण्याच्या बॅगेत परत ठेवली.
तिसरी नॉर्वेची, कुठल्याशा शेतावरची,
लाकडी कड्यांवर वाळवून पिढ्यान्‌पिढ्या जपलेली,
तिला पस्तीस आवडतात म्हणे, चाळीसही चालतात.
माहेर बर्फातलं, सासर सोलापूर.
नांदेल.

यीस्ट ठरलं. रंग राहिला.

मला काळी करायची होती.
अठराव्या वर्षी रंगखात्यात लागलो
तेव्हा हणमंतू मास्तरांनी पहिला लॉट काळा दिला.
काळ्यात सगळं बुडतं, म्हणाले,
डाग, घाई, चुकलेलं मीठ.
सात वर्षं मी काळा केला
आणि सात वर्षं वाटत राहिलं, आपल्याला येतंय.
मग टॉवेलचा लिंबू रंग आला, एक्स्पोर्टचा.
वाळत घातला तेव्हा
दोरीवर माझी सातही वर्षं लोंबत होती,
पट्टा न् पट्टा.
मास्तर ओरडले नाहीत.
"आता शिकायला लागलास," म्हणाले,
आणि चहाला निघून गेले.

म्हणून फिकी. साधी. एकच माल्ट,
आणि मोड आणून गच्चीवर वाळवलेली
मूठभर मालदांडी ज्वारी
(पुतण्या नको म्हणत होता, म्हणू दे).
चारच लिटर.
डाग पडला तर दिसला पाहिजे.

कपाटातून ट्वाडलमीटर काढला.
शेवटच्या दिवशी खिशात राहिला होता,
राहिला म्हणजे, राहू दिला.
सोड्याचा दाटपणा मोजणारी काच
आता गोडी मोजते,
तिला काय, सगळं पाणीच.

पाचव्या दिवशी, रात्री दोनला नळ आला.
भरलं, उकळलं, निवायला ठेवलं.
निवायला पहाट झाली, इथली हवा ती.
पुडी फोडली, झाकण लावलं.

पहिला घाणा बिघडतोच म्हणतात,
चकलीचा असो की कशाचा.
मी मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहिलो,
कढईसमोर बसतात तसा.

संध्याकाळी भूदेवी आली,
वाकली, झाकण उचललं, नाक आत.
बराच वेळ.
पोटात तोच लिंबू रंगाचा गोळा.

"चूद्दाम," म्हणाली. बघू.

झाकण मध्येच उघडायचं नसतं,
पुतण्यानं दोनदा बजावलं होतं.
मी तिला सांगितलं नाही.